उन्हाळी शिबिर आणि आपली मुले



वसंत व्याख्यानमालेत आम्ही बास्केटबॉलवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास या प्रथेचा पाया घातला, तेव्हापासून या व्यासपीठांवर धर्माला, इतिहासाला, अर्थकारणाला मान. चेंडूला कोण विचारतो? परंतु याच वसंतात परीक्षा संपल्या की घरोघर एक प्रश्न उभा राहतो. मुलगी म्हणते, मला बास्केटबॉलच्या शिबिराला जायचे आहे. वडील फीचा आकडा पाहतात, आई पाण्याचा टँकर कधी येणार ते पाहते, आणि आजी म्हणते, "या उन्हात?"

आजीचा प्रश्न आधी घेऊ, कारण तिघांत तीच शहाणी. आपल्या जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. म्हणून शिबिर सकाळी फार तर साडेआठपर्यंत आणि मग उन्हे कलल्यावरच असावे. भर अकराला सिमेंटच्या मैदानावर मुले पळत असतील, तर फी भरली असली तरी मूल घरी आणावे. दुसरे, पाणी. खेळताना पाणी प्यायले की दम लागतो, हा समज अजून पुष्कळ मैदानांवर नांदतो. तो चूक आहे. मुलाने तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी प्यावे. डोके दुखू लागले, मळमळले की खेळ थांबवून सावलीत न्यावे. बोलण्यात घोटाळा होऊ लागला, तर अंग थंड पाण्याने भिजवीत तडक दवाखाना गाठावा. २०१३ च्या उन्हाळ्यात पाण्यासाठी या शहराने काय सोसले ते आपल्याला आठवते. तेव्हा मैदानावर पिण्याच्या पाण्याची सोय कोणी केली आहे, हे आधी जाऊन पाहण्यात संकोच कसला?

आता खेळाकडे वळू. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकापुढे अठरा दांडगी पोरे होती. बाहेर बर्फ, आत व्यायामशाळा, आणि कवायतीला सारे कंटाळलेले. नेस्मिथने सज्जाच्या कठड्याला पीचच्या फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. टोपल्यांना बूड होते. चेंडू आत पडला की शिडी लावून तो काढावा लागे! तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून आजही जगभर कडे दहा फुटांवर असते. यात शास्त्र काही नाही, सुताराने सज्जा तेवढ्यावर बांधला होता एवढेच.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्यांचा सहाशे ग्रॅमचा चेंडू देऊन दहा फुटांवरच्या कड्यात टाक म्हटले, तर तो कमरेपासून वाकडा होऊन, सारे अंग झोकून चेंडू फेकतो, आणि ती वाकडी सवय पुढे जन्मभर जात नाही. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी कडे साडेआठ फुटांवर आणि चेंडू पाच नंबरचा, हे आता जगन्मान्य आहे. शिबिराचे छापील पत्रक कितीही रंगीत असो, पालकाने एवढे दोन प्रश्न विचारावेत: कडे खाली येते का, आणि मुले किती व चेंडू किती? चाळीस मुलांत तीन चेंडू असतील, तर ते शिबिर रांगेत उभे राहण्याचे आहे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे लाकडी जमीन कुठे आहे? त्यांना १९३६ चे बर्लिन सांगावे. ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल प्रथम आला तो तिथे, आणि उघड्यावरच्या मातीच्या मैदानांवर. अंतिम सामन्यात पाऊस लागला, चिखल झाला, आणि अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरवले. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी आपले देशी खेळ करून दाखविले होते. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेली ही संस्था. तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत शरीर कमावायला जाणे, ही काही परदेशातून आलेली टूम नव्हे. आणि आपला जिल्हा तर समर्थांचा! घनसावंगी तालुक्यातील जांब हे त्यांचे जन्मगाव. त्यांनी गावोगाव मारुती उभे केले ते नुसता शेंदूर लावण्यासाठी नव्हेत, असे आम्हांस वाटते.

दोन भ्रम मात्र काढून टाकले पाहिजेत. बास्केटबॉल खेळल्याने उंची वाढते, हा पहिला. उंची आईबापांकडून आणि ताटातल्या अन्नातून येते. उंच मुले या खेळात निवडली जातात, म्हणून खेळाने ती उंच झाली असे दिसते. दुसरा भ्रम नोकरीचा. खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत पाच टक्के जागा आहेत हे खरे. पण त्यासाठी फार वरच्या स्पर्धांत यश लागते, आणि तीन आठवड्यांच्या शिबिराचे प्रमाणपत्र तिथे कोणी हातातही घेत नाही. जे वडील रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे राहून "निवड होईल ना?" असे विचारतात, त्यांच्या मुलाचे पाय आम्ही जड होताना पाहिले आहेत.

मुलींविषयी थोडे जास्त बोलतो. नेस्मिथने टोपल्या टांगल्या, त्यानंतर वर्षभरातच सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ शिकविला. पुण्याच्या शिरीन लिमये भारताच्या संघातून खेळल्या. मग आमच्या भोकरदनच्या, परतूरच्या मुलीला तेराव्या वर्षी "आता पुरे" का सांगितले जाते? कारण बहुधा खेळात नसतेच. कपडे बदलायला खोली नाही, शिक्षिका नाही, परतीची बस उशिरा, ही कारणे असतात. यांतले एकही असे नाही की दहा पालक मिळून आयोजकांना भेटले तर सुटणार नाही. निवासी शिबिर असेल, तर मुलींबरोबर रात्री कोण राहणार, त्या बाईंचे नाव आणि फोन मागून घ्यावा. असे विचारल्याचा ज्या आयोजकाला राग येतो, त्याच्याकडे मूल पाठवू नये.

आणि फी? ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. त्यांची मुले सहा-सहा महिने फडाच्या कडेला राहिलेली. धावण्यात ती आपल्या मुलांना हार जाणार नाहीत. बियाण्यांच्या आणि लोखंडाच्या या व्यापारी पेठेला दर शिबिरामागे चार-पाच मुलांची फी जड जाऊ नये.

राहता राहिला जून. शिबिर संपते, शाळा उघडते, आणि मूल शिकलेले सारे विसरते, कारण खेळायला जागा नसते. कडे शाळेत असते, पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप. आज सभागृहात शाळांच्या संस्थांचे बरेच पदाधिकारी बसले आहेत. संध्याकाळी पाच ते सात त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असावी, एवढे त्यांनी जूनच्या आत ठरवून टाकावे.