तडजोडीपूर्वी सुरक्षितता
(ज्ञातिसंमेलनाच्या महिला-परिषदेत केलेल्या भाषणावरून)



वधूवर-सूचक समितीचा अहवाल आताच वाचला गेला. जुळविलेल्या विवाहांची संख्या ऐकून आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. परंतु ज्या घरांत आपण मुली दिल्या, त्या घरांत पुढे काय घडते हे पाहण्याचे कर्तव्य आपले नव्हे काय?

प्रथम आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ज्ञातीतील एक तरुण विवाहिता आमच्या तंटा-निवारण समितीपुढे आली. नवरा मारतो, एवढेच ती खाली मान घालून म्हणाली. आम्ही चौघे वडीलधारे बसलो, जावयाला बोलाविले. त्याने हात जोडले, आम्ही उपदेश केला, चहा झाला, आणि मुलीला सासरी धाडले. त्या वर्षीच्या अहवालात ‘तडजोड यशस्वी’ अशी नोंद आहे. पाच महिन्यांनी ती मोडलेल्या हाताने माहेरी आली. तिला एकटीला बसवून ‘तुला तेथे भय वाटते काय?’ असे आम्ही एकदाही विचारले नव्हते. आम्ही घर सांभाळले. मुलगी सांभाळली नाही.

‘रागाच्या भरात हात उठला,’ असे आपण म्हणतो. पण हाच गृहस्थ कचेरीत साहेबावर हात उचलीत नाही. तेथे त्याचा राग आवरतो, आणि घरी आवरत नाही, कारण घरी त्याला जाब विचारणारे कोणी नसते. दारूने हिंसा वाढते खरी. तथापि न पिणारेही मारतात. याचे मूळ बायकोवर आपली सत्ता आहे या समजुतीत आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसणाऱ्यांपैकी मदत मागणाऱ्या स्त्रिया शेकडा १४ च होत्या. तेव्हा आपल्याकडे तक्रारी येत नाहीत म्हणून सर्व कुशल आहे, असे मानणे ही आत्मवंचना होय. ‘दिल्या घरी सुखी राहा’ हा आशीर्वाद अशा मुलीच्या पायांतील बेडी ठरतो.

कायदा मात्र आपल्यापुढे गेला आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००६ पासून अमलात आहे. मारहाणच नव्हे, तर लैंगिक छळ, अपमान व पैशाची कोंडी यांसही तो हिंसा मानतो. घर पतीच्या नावावर असले तरी त्या सामायिक घरात राहण्याचा हक्क तो पत्नीस देतो. हिंसेची खबर संरक्षण अधिकाऱ्यास कोणीही देऊ शकतो, आणि सद्भावनेने खबर देणाऱ्यावर कसलेही दायित्व येत नाही. शेजाऱ्यांनी कानांवर हात ठेवण्यास आता सबब उरली नाही.

आपला इतिहासही हेच शिकवितो. १८६३ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ते स्वतः माळी. आसरा मिळाला तो ब्राह्मण विधवांना. संकटातील स्त्रीस आधी निवारा द्यावा, उपदेश नव्हे, हे त्यांनी आचरून दाखविले. आपण तर आपल्याच लेकींपुरतेही ते करीत नाही.

म्हणून या परिषदेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि मुलीचे म्हणणे त्यांनी एकांतात ऐकावे. मुलीची स्वतःची इच्छा व सुरक्षिततेची खात्री असल्याखेरीज तिला परत धाडू नये. १८१ हा महिला मदतवाणीचा क्रमांक व संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता तिच्या हाती द्यावा. तिसरी सूचना अशी की, ज्ञातीच्या वसतिगृहातील एक खोली अशा भगिनींसाठी वर्षभर राखून ठेवावी.

पुढील वर्षीच्या अहवालात तडजोडींची संख्या कमी दिसली तरी चालेल. त्या खोलीचे दार किती वेळा उघडले, हे मात्र त्यात अवश्य लिहिलेले असावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.