शिक्षकाचे धाडस आणि मुख्याध्यापकाची साथ
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



आज आपण परीक्षांत चमकलेल्या मुलामुलींचा सत्कार केला. ही मुले ज्यांच्या हाताखालून गेली, त्या शिक्षकांविषयी चार शब्द बोलण्याची आपली अनुज्ञा असावी. या सभेत अनेक शिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळांच्या व्यवस्थापक मंडळांचे सभासद उपस्थित आहेत. त्यांना उद्देशूनच मी बोलणार आहे.

नवी अध्यापनपद्धती वर्गात रुजली नाही की दोष शिक्षकाच्या माथी मारला जातो. मला हे न्याय्य वाटत नाही. नवा प्रयोग म्हटला की काही दिवस वर्गात गोंगाट होणार, अभ्यासक्रम मागे पडणार आणि प्रसंगी पालकांची तक्रार येणार. हा सारा भार शिक्षकाने एकट्याने का वाहावा? तो वाटून घेणारा प्रमुख पाठीशी असेल, तरच शिक्षकाचे धाडस टिकते.

यास आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण देतो. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. माँटेसरी पद्धतीची महाग साधने परवडेनात, तेव्हा शंखशिंपले, बिया आणि खडे ही साधने झाली. पुढे कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरली. ताराबाई दुरून आज्ञापत्रे धाडीत बसल्या नाहीत. सहकाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून त्या राबल्या. म्हणूनच १९७३ साली त्यांचे निधन झाल्यावरही कार्य खंडित झाले नाही. अनुताईंनी ते अखेरपर्यंत चालविले. प्रमुखाच्या यशाची खरी कसोटी हीच होय.

प्रत्येक मुख्याध्यापक ताराबाई होऊ शकणार नाही; परंतु तीन गोष्टी कोणासही साध्य आहेत. एका विषयाच्या शिक्षकांना एकत्र बसून विचार करता यावा, म्हणून वेळापत्रकात आठवड्याचा एक तास राखून ठेवावा. मागच्या बाकावर जाऊन बसावे, पण शेरेवही घेऊन नव्हे. तास संपल्यावर मुले कोठे अडली एवढेच शिक्षकाशी बोलावे. आणि पालकांची तक्रार आली, तर तिचे उत्तर प्रथम स्वतः द्यावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. परंतु प्रशिक्षणवर्गात ऐकलेले शाळेत करून पाहण्यास मोकळीक नसेल, तर ते ५० तास वहीतच राहतील.

व्यवस्थापक मंडळांच्या सभासदांना माझी एक विनंती आहे. वर्षअखेरीस आपण मुख्याध्यापकांना शेकडा निकाल विचारता, तो अवश्य विचारावा. त्याबरोबर, यंदा कोणत्या शिक्षकाने काय नवे करून पाहिले आणि आपण त्याला कोणते साह्य केले, हेही विचारावे. जो प्रश्न आपण दरवर्षी विचाराल, त्याच्या उत्तराची तयारी शाळा वर्षभर करील.