मुलांची कावीळ : दिसते ती आणि पसरते ती
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून प्रतिवर्षी विद्या, विवाह व व्यवसाय यांविषयी विचारविनिमय होतो. यंदा कार्यकारी मंडळाने मुलांच्या आरोग्यावर बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. आम्ही कावीळ हा विषय घेतला. कारण तो आम्हांस घरच्या अनुभवानेच शिकविला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी एक मंगलकार्य झाले. त्या गडबडीत चार वर्षांच्या नातीस दोन दिवस कणकण आली, अन्नावरची वासना गेली. दृष्ट लागली असे समजून मीठमोहऱ्या उतरल्या. तिसऱ्या दिवशी पोर खेळू लागली. चार आठवड्यांनी तिच्या काकाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पाठोपाठ तिच्या आईचे. आम्ही सारा दोष कार्यातील मठ्ठ्यास व आचाऱ्यास दिला. डॉक्टरांनी मात्र विचारले, "घरात लहान मूल आहे काय? महिन्यापूर्वी ते आजारी होते काय?" नातीचे रक्त तपासले, तेव्हा तिला हाच आजार नुकताच होऊन गेल्याचे आढळले. तिचे डोळे एक दिवसही पिवळे झाले नव्हते!

श्रोतेहो, आमच्या सांगण्याचे सार हेच आहे. यकृतास सूज आणणारे विषाणू अनेक आहेत. मुलांत सर्वाधिक आढळतो तो 'ए' प्रकारचा. तो रोग्याच्या मलातून बाहेर पडतो व दूषित पाणी, अन्न किंवा न धुतलेले हात यांवाटे दुसऱ्याच्या तोंडात जातो. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस, सरासरीने २८ दिवस लागतात. सहा वर्षांखालील दहा मुलांपैकी सुमारे सातांस कसलीच लक्षणे होत नाहीत. शिवाय हा विषाणू मलातून सर्वांत अधिक बाहेर पडतो तो कावीळ दिसण्यापूर्वीच्या एक-दोन आठवड्यांत. म्हणजे डोळे पिवळे दिसल्यावर आपण ताटवाटी वेगळी करतो, तेव्हा प्रसार बहुतांशी होऊन चुकलेला असतो. बाळाची दुपटी बदलून आई तशीच कणीक मळावयास बसली, तर रोगास याहून सोपी वाट कोणती?

लहानपणीचा हा मूक आजार किती सार्वत्रिक होता, याची साक्ष दिल्लीच्या साथीने दिली. १९५५ च्या नोव्हेंबरात यमुनेच्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळले आणि १९५६ च्या जानेवारीपर्यंत सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. पुष्कळ वर्षे ती 'ए' प्रकारची मानली जाई. १९८० साली जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा ती 'ए' नव्हे असे ठरले. ज्याला आज 'ई' म्हणतात तो हा विषाणू. 'ए' तर त्या प्रौढांस बालपणीच नकळत होऊन गेला होता व त्यापासून त्यांना जन्माचे संरक्षण लाभले होते.

आता काळ पालटला आहे. आपली कुटुंबे वाड्यांतून सदनिकांत आली, घरोघर पाणी शुद्ध करण्याची यंत्रे बसली. ही प्रगती इष्टच होय. तथापि तिच्यामुळे अनेक मुले या विषाणूस न भेटताच मोठी होतात आणि महाविद्यालयाच्या वसतिगृहात प्रथम त्याच्या तावडीत सापडतात. त्या वयात हा आजार अधिक जोराचा असतो. क्वचित प्राणावरही बेततो. म्हणून बारा महिने पूर्ण झालेल्या मुलास 'ए'ची लस देण्याविषयी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

'बी' प्रकाराची वाट निराळी. तो रक्तावाटे व प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकास होतो. जन्मतः लागण झालेल्या दहा बालकांपैकी सुमारे नऊंत तो कायम वस्ती करतो व पुढे यकृत निकामी करू शकतो. यासाठी प्रत्येक गर्भवतीची रक्ततपासणी व्हावी आणि बालकास जन्मापासून २४ तासांच्या आत लसीची पहिली मात्रा मिळावी. ही लस राष्ट्रीय लसीकरणात समाविष्ट आहे. कान टोचण्याची सुई व इंजेक्शनची सुई निर्जंतुकच असावी. परंतु एकत्र जेवल्याने वा मुलास जवळ घेतल्याने 'बी' होत नाही. अशा मुलास पंगतीतून उठविणे म्हणजे अज्ञानाने वाळीत टाकणेच होय.

कावीळ 'उतरविणाऱ्यां'विषयी दोन शब्द. झाडाच्या सालीचा रस हातास चोळून चुन्याच्या पाण्यात धुतला की पाणी पिवळे होते. ती रसाची व चुन्याची करणी, रोग उतरल्याची खूण नव्हे. 'ए'ची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, म्हणून यश मांत्रिकाच्या पदरी पडते. परंतु मूल सुस्त होऊन असंबद्ध बोलू लागले, उलट्या थांबेनात अथवा रक्तस्राव झाला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. त्या घटकेस डाग देत बसणे हा पोटच्या पोराचा घात होय.

शेवटी मंडळास एक विनंती. येत्या संमेलनाच्या पंगतीपूर्वी हात धुण्याच्या जागी साबण असावा. पाणी उकळलेले असावे, तुरटीने नुसते नितळलेले नसावे. आणि पिंपात पेला न बुडविता लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी वाढावे. खर्च अल्प आहे. डोळे पिवळे झालेले मूल कोणालाही दिसते. आपल्याला जपावयाचे आहे ते न दिसणाऱ्यापासून, आणि तेही रोजच्या रोज.