कॅल्डेरियम आणि अकलोलीची कुंडं

भाईंदर पश्चिमेला चौक गावाजवळच्या धारावी किल्ल्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे वसई दिसते. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने आधी धारावी आणि मग वसई पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली. त्या मोहिमेत आप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता, असं परंपरा सांगते. देवीचं देऊळही किल्ल्यासारखंच, बावन्न पायऱ्यांचं आहे. दर्शन झालं की भाविकांची पावलं अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे वळतात.

अकलोली आणि गणेशपुरी ही तानसा नदीकाठची गावं. पहिल्यांदा आलेला माणूस पायाचा अंगठा बुडवतो आणि झटकन मागे घेतो. जाणती मंडळी आधी तांब्याने पायांवर पाणी घेतात, मग गुडघ्यांवर, आणि अंगाला सवय झाली की सावकाश खाली उतरतात. गंधकाचा वास मात्र घरी पोचेपर्यंत अंगाला राहतो.

शरीराला टप्प्याटप्प्याने उष्णतेकडे नेण्याचा हाच क्रम रोमन लोकांनी दगडविटांत बांधून काढला. त्यांच्या स्नानगृहात थंड दालन फ्रिजिडेरियम, कोमट दालन टेपिडेरियम आणि सर्वांत गरम ते कॅल्डेरियम. त्याची जमीन विटांच्या सुमारे दोन फुटी खांबांवर उचललेली असे. बाहेरच्या भट्टीची धग त्या पोकळीत शिरायची आणि भिंतींमधल्या पोकळ विटांतून वर चढायची. व्हिट्रुव्हियस या स्थापत्यकाराने तर खालच्या तळाला भट्टीकडे उतार द्यायला सांगितलं आहे. आत टाकलेला चेंडू घरंगळत भट्टीच्या तोंडाशी परत यावा, इतका. अशा उतारावर धग आपोआप सगळीकडे पसरते, हे त्याचं कारण. रोममध्ये इसवी सन २१६ मध्ये खुल्या झालेल्या कॅराकॅलाच्या स्नानगृहात कॅल्डेरियमवर प्रचंड घुमट होता. ते तापतं ठेवायला गुलाम दिवसभर भट्टीत लाकडं घालत.

कोकणात ही भट्टी जमिनीखालीच आहे. ज्वालामुखी नव्हे, इथे जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. पालघर-ठाण्यापासून दापोलीचं उन्हवरे, संगमेश्वराजवळचं तुरळ आणि थेट राजापूरच्या उन्हाळे गावापर्यंत अशा झऱ्यांची माळच आहे. एक काडी न जाळता मिळणारं हे पाणी आपण जिवापाड जपायला हवं.

कुंडाच्या काठी साबणाची रिकामी वेष्टनं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पडलेल्या दिसतात तेव्हा वाईट वाटतं. वैभवाच्या काळात रोमलाही हा त्रास होताच. सम्राट मार्कस ऑरेलियसने स्नानाच्या पाण्यातलं तेल, घाम आणि मळ यांबद्दल किळस लिहून ठेवली आहे. अकलोलीला जाणाऱ्यांनी एवढंच करावं: अंग बाहेर बादलीने धुवावं, साबण पिशवीतच ठेवावा आणि मग कुंडात उतरावं.