घरबसल्या नजरभेट

श्रोतेहो, गोष्ट कांहीं वर्षांपूर्वींची आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त सहकुटुंब लंडनला असतात. जातांना त्यांनीं आमच्या पुण्याच्या घरीं संगणकाला एक वेबकॅम, म्हणजे छोटासा कॅमेरा, जोडून दिला. दर रविवारीं त्यांचें आमचें बोलणें होई. एका रविवारीं चार वर्षांची नात बोलतां बोलतां थांबली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही माझ्याकडे कां बघत नाहीं?"

मी चकित झालों. तिच्या चेहऱ्यावरून माझी दृष्टि क्षणभरहि हलली नव्हती! विचार करतां उलगडा झाला. कॅमेरा मेजाच्या कडेला एका डब्यावर ठेवलेला होता, आणि नातीचें चित्र समोरच्या पडद्यावर. मी चित्राकडे पाहत होतों. तिला दिसत होता तो माझा कान आणि अर्धा गाल. या यंत्राचा डोळा म्हणजे त्याचें भिंग. आपण भिंगाकडे पाहावें, तेव्हांच पलीकडच्या माणसास आपली नजर मिळते.

माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि सारा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला. परंतु या एका प्रश्नानें मला पुन्हां विद्यार्थी केलें. जें शिकलों तें सांगतों.

कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेवर मधोमध, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. लॅपटॉप असल्यास त्याच्याखालीं चार जाड पुस्तकें ठेवावीं. नाहींतर पलीकडच्यांस आपल्या नाकपुड्या आणि छताचा पंखा यांचेंच दर्शन घडतें. बोलणाऱ्याच्या चित्राची चौकट सरकवून भिंगाच्या अगदीं खालीं आणावी. खिडकी पाठीशीं नसावी, समोर असावी. पाठीमागें उजेड असला कीं कॅमेरा त्या उजेडाशीं जुळवून घेतो आणि आपला चेहरा काळवंडतो. तिकडचा आवाज आपल्याकडच्या मायक्रोफोनांत शिरला तर तो प्रतिध्वनि होऊन त्यांच्याच कानीं परत जातो. हेडफोन लावल्यास हा त्रास टळतो. जोडणी मंद झाली तर खुशाल चित्र बंद करावें, पण आवाज राखावा. चेहरा गोठला तरी बोलणें चालतें. शब्द तुटले कीं सारेंच तुटतें. आणि बोलणें संपल्यावर भिंगावर झांकण घालावें.

आणखी एक गोष्ट वेळेची. लंडनचें घड्याळ हिवाळ्यांत आपल्या मागें साडेपांच तास, तर उन्हाळ्यांत साडेचार तास असतें. मार्च आणि ऑक्टोबर यांच्या शेवटच्या रविवारीं तें बदलतें. हें ठाऊक नसल्यानें एका ऑक्टोबरांत आम्ही उभयतां तासभर काळ्या पडद्यापुढें बसून होतों, आणि आमच्या सौ.च्या मनांत नाहीं नाहीं तें येऊन गेलें.

ही हौस आजची नव्हे. १९६४ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत अमेरिकेच्या बेल कंपनीनें चेहरा दाखविणारा टेलिफोन मांडला होता. पण तो महाग पडला आणि घरोघर पोंचला नाहीं. २००३ सालीं निघालेलें स्काइप आमच्याहि उपयोगीं पडलें. तें मे २०२५ मध्यें बंद झालें. आम्ही दुसरें साधन घेतलें. रविवारची वेळ मात्र तीच ठेवली.

एक अडचण अजून सुटलेली नाहीं. भिंगाकडे पाहिलें तर नातीला माझी नजर मिळते, पण मला तिचा चेहरा नीट दिसत नाहीं. चेहरा पाहावा तर तिची नजर चुकते. दोन्ही एका वेळीं साधत नाहीं. म्हणून मीं एक नियम केला आहे. ती चित्र दाखविते, नाचते, पडलेला दांत दाखविते, तेव्हां मी डोळे भरून तिला पाहतों. परंतु गोष्ट सांगतांना आणि निरोप घेतांना त्या काळ्या ठिपक्याकडेच पाहतों. त्या वेळीं मला कांहींच दिसत नाहीं. तिला मात्र आजोबा दिसतात.

श्रोतेहो, आपलींहि माणसें दूरदेशीं असतील. पुढच्या खेपेस त्यांना एवढेंच विचारा, "तुमच्याकडून मी कसा दिसतों?" हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं, तें एका चार वर्षांच्या मुलीला सांगावें लागलें.