पेटीतला कागद आणि दप्तरातला कागद

(तालुका शिबिरात संघटनेच्या एका कार्यकर्त्याने केलेले भाषण. बोलले तसेच, थोडे नीट करून छापले आहे. ज्यांना वाचता येते त्यांनी पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावे.)



मला सांगितलंय, कागदावर बोल. कागद म्हटलं की आपल्याकडं दोनच गोष्टी होतात. म्हाताऱ्यांना भीती वाटते आणि पोरांना जांभई येते. म्हणून आधी माझ्या घरातलं सांगतो.

माझ्या आज्याकडं एक बांबूची नळी होती. चुलीच्या वर, आढ्याला टांगलेली. तिच्यात सुरळी करून कागद घातलेले. आजी म्हणायची, धूर लागतो म्हणून वाळवी येत नाय. आम्हा पोरांना हात लावायची बंदी. मी पाचवी-सहावीत गेल्यावर एकदा कागद काढून वाचायला बसलो. दोन रुपये दंड, पाच रुपये दंड, वनात बेकायदा नांगरट केली म्हणून दंड. मला लाज वाटली. आपला आजा चोर होता की काय! बापसाला विचारलं, तर तो म्हणाला, ठेव ते परत, कोणाला दाखवू नको. त्यालापण लाजच वाटत होती. आपल्या कितीतरी घरांत हे कागद असेच लाजेनं लपवलेत, कोणी कोणी चुलीत घातलेत.

आता त्याच कागदाकडं उलटून बघा. त्यावर तारीख आहे, जागा आहे, माणसाचं नाव आहे, खाली वनखात्याच्या माणसाची सही आहे. म्हणजे त्या साली, त्या रानात, तो माणूस शेत करत होता, हे सरकारनंच लिहून दिलंय. त्यांनी दंड घेतला आणि आपल्याला पुरावा दिला. वनहक्क कायदा २००६ साली आला. त्यात म्हटलंय की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी जमीन कसत असेल तर हक्क मान्य करायचा. तेव्हा आज्याच्या पाच रुपयांच्या पावतीला किंमत आली.

पण मला आज मुख्य सांगायचंय ते दंडाच्या पावतीबद्दल नाय, त्याच नळीत असलेल्या दुसऱ्या कागदाबद्दल. तो एक लहान बुकासारखा होता, कोपरे खाल्लेले, काही अक्षर मोडीत. आमच्याकडं त्याला दळीचं बुक म्हणतात. रायगडातल्या ठाकर-कातकऱ्यांना दळी माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. इंग्रजांनी १८७८ चा वनकायदा केला, डोंगर राखीव केले, आणि डोंगरावर नाचणी-वरी करणारी माणसं एका रात्रीत परक्याच्या रानात आली. कुलाबा-ठाण्यात ओरड इतकी झाली की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. तर या डोंगराळ भागात सरकारनं वनातलेच तुकडे कसायला दिले, त्या दळ्या. पैसे घेऊन दिल्या, वहीत नोंदवून दिल्या. मात्र दळी एकट्याची नसायची. वहीत नाव एका पुढाऱ्याचं, म्हणजे नाईकाचं, आणि त्या दळीत कसून खाणारी घरं पाच, आठ, दहा.

ह्या दोन कागदांतला फरक नीट ऐका. दंडाची पावती म्हणते, तू घुसलास. दळीचा कागद म्हणतो, सरकारनं तुला दिलं. आपण मात्र दोन्ही एकाच फडक्यात बांधतो आणि एकाच खान्यात लिहितो.

आमच्या पाड्यानं पहिले दावे भरले तेव्हा हेच केलं. अर्जात ‘स्वतः कसण्यासाठी ताब्यात असलेली जमीन’ असा रकाना आहे, सगळ्यांनी तोच भरला. त्याच अर्जात खाली ‘पट्टे, भाडेपट्टे, अनुदान’ असाही रकाना आहे, तो कोणी वाचलाच नाय. तो रकाना उगाच नाही ठेवलेला. कायद्याच्या कलम ३ (१) मध्ये वेगळा हक्कच आहे, की सरकारनं वनजमिनीवर दिलेले पट्टे आणि भाडेपट्टे यांचं मालकीत रूपांतर करायचं. दळीवाल्यांचा हक्क तिथं बसतो. आणि चार हेक्टरची जी मर्यादा आपल्याला दरवेळी ऐकवतात, ती कायद्यात ताब्यातल्या जमिनीच्या कलमाला लावलेली आहे. दळीवाला स्वतःच्या हातानं ‘अतिक्रमण’ लिहून देतो आणि मिळालेली जमीन घुसलेली करून घेतो. अडाणीपणा म्हणा, घाई म्हणा. अर्ज भरून देणाऱ्यांत मीपण होतो, म्हणून दुसऱ्या कोणाला बोल लावत नाय.

दुसरी चूक त्याहून मोठी, तीपण माझीच. छाननीच्या वेळी एका कचेरीत सांगितलं, मूळ कागद दाखवा. मी दळीचं बुक टेबलावर ठेवलं. बाबू म्हणाला, राहू द्या, साहेब बघतील, पुढच्या आठवड्यात या. मी पोचपावती मागितली नाय. मागायची लाज वाटली, आपल्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल असं वाटलं. पुढच्या आठवड्यात बुक नव्हतं. त्याच्या पुढच्या महिन्यातपण नव्हतं. शेवटी म्हणाले, असं काही तुम्ही दिलंच नव्हतं. आज्यानं साठ वर्षं धुरात जपलेलं मी एका दुपारी घालवलं. घरी जाऊन आजीला सांगायची हिंमत चार दिवस झाली नाय. सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, दुसरा भाग त्यांच्याकडं असंल ना.

मला वाटलं, म्हातारी काहीतरी बोलते. पण विचार करा, पावती फाडतात तेव्हा काय होतं? एक भाग आपल्याला देतात, एक बुकात राहतो. स्थळप्रत म्हणतात तिला. आपल्या बुकात नोंद केली तर त्यांच्या रजिस्टरात नोंद असायलाच पाहिजे, नाहीतर पैसे जमा कुठं दाखवले? आपल्या पेटीतल्या प्रत्येक कागदाचा जोडीदार कुठल्या तरी सरकारी दप्तरात, लाल फडक्यात बांधून पडलाय. आपला जळला, भिजला, हरवला, तरी तो बघता येतो.

मी माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेपण नाय लागत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात ‘माझ्या आज्याच्या दळीची माहिती द्या’ असं लिहू नका, ‘उपलब्ध नाही’ एवढं लिहून मोकळे होतात. लिहायचं असं: अमुक गावाच्या, अमुक सालापासून अमुक सालापर्यंतच्या दळी नोंदवह्या, पावती पुस्तकांच्या स्थळप्रती आणि वनगुन्ह्यांची रजिस्टरं मला प्रत्यक्ष पाहायची आहेत. पाहणी करायचा हक्क त्याच कायद्यात आहे. दोन वेळा हात हलवत परत आलो. तिसऱ्या वेळी एका शिपायानं, देव त्याचं भलं करो, जुन्या कपाटाच्या मागं पडलेला गठ्ठा काढून दिला. त्यात आमच्या दळीचं पान निघालं. नाईकाचं नाव, दळीचा नंबर, आणि पुढं लिहिलेलं, ‘इतर सात’.

इतर सात! नाव एकाचंही नाय. ते सात म्हणजे आमचा अख्खा पाडा. त्यातला एक माझा आजा.

मग त्या सातांना नावं कशी द्यायची? तिथं कागद संपतो आणि म्हातारी माणसं सुरू होतात. तीन दिवस आम्ही बसलो. कोणाचा बांध कुठं संपत होता, राब कुठं भाजायचे, नाचणीची रोपं कोणाच्या कोणत्या तुकड्यात लावायचे, नाईकाच्या बहिणीला कोणतं खाचर दिलं होतं. माणसांनी बांध सांगितले, बायांनी नाती सांगितली. खरं सांगतो, नात्यांशिवाय बांध लागले नसते. कारण पावत्यांवर एकाच माणसाचं नाव तीन पावत्यांत तीन तऱ्हेनं लिहिलेलं, आडनावाच्या जागी कधी जात तर कधी गाव. हा तोच माणूस, हे त्याच्या चुलतसुनेनं सांगितलं. वंशावळ काढली, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून अंगठे घेतले, ग्रामसभेत वाचून ठराव केला. वंशावळ आणि दावेदार सोडून दुसऱ्या वृद्धांचे लेखी जबाब, हे दोन्ही नियम १३ मध्ये पुरावा म्हणून लिहिलेले आहेत. जुन्या विहिरी, स्मशान, देवाची जागा, घातलेले बांध, हेपण आहेत. वनखात्याच्या कार्ययोजना, जुने नकाशे, आयोगांचे अहवाल आहेत. जव्हारकडचे साथी इथं बसलेत. त्यांचं संस्थान १९४८ साली विलीन झालं, पण संस्थानी काळातले कागदपण त्याच नियमात पुरावा म्हणून धरलेत. घरी राजाच्या शिक्क्याचं काही असेल तर रद्दी समजू नका.

आता कोणी म्हणेल, मग ज्याच्याकडं कागदच नाय त्यानं काय करायचं? हा प्रश्न बरोबर आहे, आणि मला याची भीती वाटते. कागद-कागद करता करता आपणच आपल्यात दोन जाती पाडू, नळीवाले आणि बिननळीवाले. आमच्या शेजारच्या कातकरी वाडीत एकही पावती नाय. वीटभट्टीवर आठ महिने जाणारं माणूस पावती जपेल कुठं? २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे की अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाय, आणि दंडाची पावती किंवा अतिक्रमणाच्या यादीत नाव नाय एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाय. फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि त्यावर साठ दिवसांत वरच्या समितीकडं दाद मागता येते. म्हणून कागद मिळवायचा तो हक्काला जोर यावा म्हणून. ज्याच्याकडं कागद नाय त्याला मागं सोडायला नाय.

खरेदीखतं, गहाणखतं यांच्याबद्दल वेगळं शिबिर घेऊ, आज दोनच शब्द. आदिवासीची मालकीची जमीन बिगर-आदिवासीकडं गेली असेल आणि ते १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ च्या दरम्यान झालं असेल, तर १९७४ आणि १९७५ चे जमीन परत करण्याचे कायदे लागू होतात. त्यात सगळा खेळ तारखेचा. दस्त नोंदवलेला असेल तर त्याची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कचेरीत राहते, आपल्याकडचा सावकारानं नेला असला तरी. गाव आणि साल सांगून शोध घेता येतो. तलाठ्याकडचे जुने फेरफारपण बघा.

मोडी कागद असेल तर घाबरू नका. पन्नास-साठच्या दशकापर्यंत कचेऱ्यांत मोडी चालायची. पुराभिलेख खात्याचे मोडी वाचनाचे वर्ग होतात. आपली दोन पोरं तिथं पाठवू, ती शिकून येतील. पैसे घेऊन मोडी वाचून देणारे दलाल फिरतात, त्यांना मूळ कागद अजिबात देऊ नका.

जपायचं कसं, तेपण सांगतो, कारण प्रेमानं केलेलं नुकसान मी फार बघितलंय. लॅमिनेशन करू नका. गरम इस्त्रीत जुना कागद तपकिरी पडतो आणि परत सुटत नाय. चिकटपट्टी लावू नका. टाचणी गंजते, ती काढा. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशी धरते, सुती फडकं बरं. पेटी जमिनीवर ठेवू नका. आजीची नळी चांगली होती, पण घराला आग लागली तर नळीपण जाते. म्हणून प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स: एक घरी, एक वनहक्क समितीच्या फायलीत, एक संघटनेच्या दप्तरात. मूळ कागद घरीच. कुठंही दाखवायचा झाला तर दाखवायचा आणि उचलून परत पिशवीत घालायचा. झेरॉक्स दिली तरी पोच घ्यायची. लाज वाटली तर माझी गोष्ट आठवा.

झेरॉक्सच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा, हा कोणाचा, त्याचं आज कोण आहे, शेताचं आपल्या बोलीतलं नाव काय. वनखातं कक्ष क्रमांक लिहितं, तलाठी सर्व्हे नंबर लिहितो, आणि आपण म्हणतो ‘आंब्याचा माळ’. तिन्ही एकाच कागदावर आले नाहीत तर छाननीला तीन वेगळ्या जमिनी दिसतात. घरातल्या बाईचं नावपण लिहा. हक्कपत्र नवरा-बायकोच्या दोघांच्या नावानं निघतं, आणि जुन्या पावतीवर मात्र कधीच बाईचं नाव नसतं.

आमच्या आठ घरांचे सुधारलेले दावे ग्रामसभेनं मंजूर केलेत आणि उपविभागीय समितीकडं पडलेत. सुनावणी लागेल तेव्हा आठही घरं जाणार आहेत. आजी म्हणते, मीपण येणार.

येत्या रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर बसायचं. ज्याच्याकडं पेटी आहे त्यानं पेटी आणा, नळी आहे त्यानं नळी. झेरॉक्सवाला गाडी घेऊन येणार आहे, पानाला एक रुपया, ज्याच्याकडं नाय त्याचे संघटना भरेल. ज्यांच्याकडं एकही कागद नाय त्यांनी नक्की या, त्यांचं काम आधी घेऊ. येताना घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर आणा. चालवत नसेल तर सांगा, आम्ही वही घेऊन घरी येतो.