उत्साहाची भाषा आणि कामकाजाचा कागद



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्यांनी नववीत माझा निबंध परत करताना ‘अत्यंत’ या शब्दाभोवती सात ठिकाणी वर्तुळे काढली होती. शेरा काहीच नव्हता. त्या वर्तुळांचा अर्थ मला उमगला तो मी स्वतः शिक्षक होऊन वीस वर्षे लोटल्यावर, आणि तोही एका मुलाचे नुकसान झाल्यानंतर.

हल्ली कचेरीतला पत्रव्यवहारही भ्रमणध्वनीवर चालतो. साहेबांनी बैठकीची वेळ कळवली की खाली ‘जबरदस्त!’, ‘एक नंबर!’ असे उद्गार उमटतात. माझ्या वयाची मंडळी कपाळाला हात लावतात. त्यांच्या तक्रारीत सामील होण्यास माझे मन धजत नाही. आपले बडोदे हे कामकाजाच्या भाषेची काळजी वाहिलेले गाव. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतील कोश निघाला. त्याआधी अडीचशे वर्षे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला, तोही फारसी शब्दांच्या जागी संस्कृत प्रतिशब्द यावेत म्हणून. परंतु याच राजाने राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणाकडील छावणीच्या अधिकाऱ्यांना धाडलेले पत्र पाहावे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणावैरण आताच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी भस्म होतील, इतक्या बारकाव्यापर्यंत राजा उतरतो. ही घरातल्या वडीलधाऱ्याची भाषा आहे, आणि तरी ती राजाज्ञा आहे. तिच्यात कळकळ ओसंडते; पण ती वैरणीत, दिव्यात आणि उंदरात उतरलेली आहे.

आता माझे. आमच्या शाळेतील हुशार पण गरीब मुलांना पुण्याच्या एका वसतिगृहात जागा मिळत असे. त्यासाठी शिफारसपत्र मी लिहीत असे. मला मुलांविषयी प्रेम होते आणि लेखणीला लगाम नव्हता. ‘असा विद्यार्थी मी जन्मात पाहिला नाही’, ‘घ्याच याला, पस्तावणार नाही!’ अशी वाक्ये मी मोकळ्या हाताने लिहिली. कोरड्या सरकारी भाषेपेक्षा ही जिवंत भाषा बरी, असा मला अभिमानही होता.

मग खरोखरच जन्मात न पाहिलेला मुलगा आला. भूमितीचा सिद्धान्त पुस्तकातल्या रीतीने सुटला तरी त्याचे समाधान होत नसे. दुसरी वाट सापडेपर्यंत तो मधल्या सुट्टीतही फळ्यापाशी उभा असे. मी पत्र लिहिले. त्याला जागा मिळाली नाही. पुढे तेथील चिटणीस भेटले तेव्हा त्यांनी सौम्यपणे सांगितले, “गुरुजी, जन्मात न पाहिलेले विद्यार्थी तुम्ही आदल्या साली तीन पाठवले होते. आम्ही कोणता खरा धरावा?” मला उत्तर सुचले नाही. भूमितीची गोष्ट मी पत्रात लिहिलीच नव्हती. विशेषणांतून तिला जागा उरली नव्हती. मुलगा एका कारखान्यात लागला. तो आज या सभागृहात असेल तर त्याने हे माझ्या तोंडून ऐकावे, म्हणूनच मी हे निमंत्रण स्वीकारले.

दोन वर्षांनी त्याच्या धाकट्या बहिणीसाठी लिहिण्याची वेळ आली. ती पहाटे दुधाच्या पिशव्या पोचवून शाळेत येते, वर्षभरात तिचे चार दिवस बुडाले, पैकी तीन आईच्या आजारपणात. इतिहासाच्या उत्तरात सनावळी चुकते, पण कारणे चुकत नाहीत, एवढेच मी लिहिले. उणीवही लिहिली. तिला जागा मिळाली.

त्या पत्राची नक्कल मी जपून ठेवली आहे. त्यात उद्गारचिन्ह नाही. मात्र शेवटी एक घरगुती वाक्य राहून गेले आहे: ‘पोरगी खोटे बोलत नाही.’ शिफारसपत्रात ‘पोरगी’ शोभत नाही, हे मला कळत होते. खोडावे की ठेवावे यात दोन दिवस गेले. खोडले नाही.